उदी चिराईत

तीस वर्षं झाली. भाद्रपदात उंबरमाळीच्या रानात एक बाई तापावरच्या काढ्यासाठी उदी चिराईताची निळ्या फुलांची रोपं मुळासकट उपटत होती. मी तेव्हा नवखी नर्स होते. तिच्या मुलीला चार दिवस ताप होता आणि कडू काढ्यानेही तो उतरत नव्हता.

“दवाखान्यात न्या तिला,” मी म्हटलं.

“पोराला नेलं व्हतं. तो परत आला नाय.”

मुलगी बरी होईल, असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. तरी म्हणाले, “मी सोबत राहीन.”

शहापूरच्या दवाखान्यात दोन दिवस ती फुलांची जुडी मुठीत धरून मुलीच्या उशाशी बसली. तिसऱ्या दिवशी मुलीने पेज मागितली. तेव्हा कुठे तिने माझ्याकडे पाहिलं.

“ताई, आता घरी जावा. तुमीबी लय भ्यायल्या व्हत्या.”