केसभर चढी वाटी

सून दारात येऊन काहीतरी म्हणाली. मी कानस चालवत होतो. तिच्या ओठांवर 'सेतूमामा' एवढंच दिसलं, म्हणून मान वर न करता म्हणालो, "ये म्हणावं. जेवूनच जा म्हणावं." ती हलली नाही. मग खाली बसली, माझ्या हातातली कानस काढून घेतली आणि कानाशी तोंड आणून ओरडली, "मामंजी, सेतूमामा गेले! चेन्नईत. आज पहाटे."

या गोष्टीला दीड महिना झाला. मला ऐकू येत नाही हे त्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं. सेतूला ते चार वर्षांपूर्वीच कळलं होतं... आणि त्यानं ते कुणाला कळू दिलं नाही, म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

मी चौथी शिकलेला, तीही तमिळ शाळेत. माझी मराठी घरातली, पणजोबांच्या वेळची. महाराष्ट्रातल्या वाचकांना जुनाट वाटेल, तर वाटो. आमचं कुंभकोणम्‌ला भजनाचे टाळ ओतायचं काम. सेतू शेजारच्या आडुतुरै गावचा. गोविंदपुरम्‌च्या भजनाला आम्ही पोरवयापासून शेजारी बसायचो. तो गायचा, मी टाळ धरायचो. "हनमंता, टाळ वाजवतोस की भांडतोस?" असं भर भजनात विचारायचा. पुढे तो चेन्नईला गेला, एका देवळामागच्या गल्लीत पूजेच्या सामानाचं दुकान टाकलं आणि चाळीस वर्षं माझे टाळ विकले.

टाळाच्या दोन वाट्या अगदी एकसारख्या असून चालत नाहीत. एक केसभर चढी, म्हणजे किंचित वरच्या सुराची लागते. मग नाद सरळ न जाता लहरत जातो आणि गाणाऱ्याला उचलून धरतो. ती चढण काठाला कानस लावून आणायची आणि काठ दाताला टेकवून तपासायची. वडिलांनी मला कानाआधी दातानं ऐकायला शिकवलं. त्यामुळेच कान गेले तरी काम अडलं नाही, आणि मी कुणाला सांगितलंही नाही. का सांगावं?

चार वर्षांपूर्वी चेन्नईला गेलो तर सेतूची गल्ली ओळखू येईना. पितळेला पॉलिश करणारे उठून गेले होते, ओतारी गेले होते. जिथे तिथे गोदामं, खोकी, बंदराकडून येणारे टेम्पो. सेतू समोर बसून बोलायचा, म्हणून त्याचं मला कळायचं. म्हणाला, "समुद्रापलीकडचे पूर्वेचे देश आता एका घरासारखे झालेत रे. तांबं एकाचं, कथील दुसऱ्याचं, साचा तिसऱ्याकडे. मध्ये कुणी जकात मागत नाही. आणि आपल्या सरकारशी करार. माल थेट इथे उतरतो. पोरांना बंदराकडे कामं मिळाली, हेही खरं. पण गोदामांपायी भाडं इतकं चढलंय की साधा दुकानदार टिकत नाही."

मला त्यातलं एवढंच दिसलं की राजधानीनं तोंड समुद्राकडे केलं आणि पाठ आमच्याकडे. मग त्यानं हळूच एक पेटी पुढे ओढली. तिकडचे टाळ. यंत्रातून निघालेले, काळ्या नायलॉनच्या दोरीचे, दोन्ही वाट्या तंतोतंत सारख्या. "ही विकली तर दुकान वर्षभर तरी राहील," तो म्हणाला.

"तू? तू विकणार हे?" मी ओरडलो.

"तुझ्या टाळातलं कथील कुठून येतं रे? मलेशियाहूनच ना? मग?"

मी आणखीच चिडलो. तेवढ्यात शहरातल्या भजनमंडळ्यांना माल पुरवणारा मोठा व्यापारी दुकानात आला. तो म्हणाला, "मला तर दोन्ही सारखेच वाजतात. कुंभकोणम्‌चे महाग का घ्यायचे?" त्याची मागणी गेली तर आमची भट्टी विझणार, पाच माणसं घरी बसणार. मी छाती काढून म्हणालो, "आड कापड धरून वाजवा. न बघता आमची जोडी सांगतो."

"हनमंता, नको," सेतू म्हणाला. सकाळपासून त्यानं मला मागून दोनदा हाक मारली होती, मी वळलो नव्हतो. त्याला कळलं होतं.

पण मी हटलो नाही. व्यापारी माझ्याजवळ बसला. सेतूनं दुकानातल्या पोराला वेष्टी, म्हणजे धोतर, आडवी धरायला लावली आणि तिच्यामागे उभं राहून दोन्ही जोड्या वाजवल्या. मला पहिली ऐकू आली नाही. दुसरीही नाही. नुसतं कापड हललं. कपाळाला घाम आला. व्यापारी माझ्या तोंडाकडे बघत होता... मी म्हणालो, "पहिली."

कापड खाली आलं. मी सेतूच्या ओठांकडे बघत राहिलो.

"पहिली. कुंभकोणम्‌ची," तो म्हणाला आणि जोड्या पिशवीत टाकल्या. टाकताना, आधी वाजवून बाजूला ठेवलेल्या पहिल्या जोडीची दोरी मला दिसली. आमची दोरी लाल सुताची, माझ्या बायकोनं वळलेली. ही काळी होती. मी बघितलं हे त्यानंही बघितलं.

व्यापाऱ्यानं मागणी आमच्याकडेच ठेवली आणि गल्लीभर सांगितलं की जाणता माणूस नुसत्या नादावर ओळखतो, तिकडचा माल खरा नव्हे. मग सेतूची पेटी कोण घेणार? ती तशीच पडून राहिली. दीड वर्षात दुकान गेलं. तिथे आता बंदरावरच्या खोक्यांचं गोदाम आहे. आमची भट्टी मात्र अजून पेटते.

मी त्याला ना धन्यवाद म्हटलं, ना माफी मागितली. दुकान बंद केल्यावर तो एकदा इकडे आला, जेवला, निघताना म्हणाला, "एक जुनी कानस दे रे."

"तुला कशाला?"

"नखं घासायला."

मी दिली. तीच शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात त्याची लेक सुधा आली. तिनं पंच्यात गुंडाळलेली एक जोडी माझ्या हातात ठेवली. काळी दोरी. समोर बसून सावकाश म्हणाली, "काका, बाबा रोज दुपारी ही जोडी आणि तुमची कानस घेऊन बसायचे. घासायचे, दाताला लावायचे, पुन्हा घासायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तुम्हालाच द्यायला सांगितलंय."

ती गेल्यावर मी दार लोटून घेतलं. एका वाटीचा काठ वेडावाकडा घासलेला, शिकाऊ हाताचा. तो दाताला टेकवून दुसरी वाटी वाजवली. लहर जबड्यातून थेट कपाळात गेली. केसभर चढी. माझ्याच हातची असती तरी एवढीच चढी ठेवली असती.

परवा गोविंदपुरम्‌च्या भजनाला तीच जोडी नेली. शेजारी बसलेल्या माणसानं टाळाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. सवयीनं मी मान डोलावणार होतो.

"मोठ्यानं बोला," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही."

त्यानं ओरडून विचारलं, "जोडी कुठली?"

"कुंभकोणम्‌ची," मी म्हणालो.