दाखले सर

सरांचं आडनाव दाखले नव्हतं. पण नांदेडच्या आमच्या ग्रंथालयशास्त्र विभागात ते त्याच नावानं ओळखले जात. नवीन मुलं तर अर्जावरही तसंच लिहीत. कुणी काहीही ठामपणे बोललं की सर चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे विचारत, "कुठं वाचलं? दाखला द्या." घरीही तेच. उद्या नळाला पाणी येणार नाही असं काकूंनी सांगितलं, तरी ते कुणी सांगितलं हे कळल्याशिवाय सर बादल्या भरायला उठत नसत.

पुस्तक किंवा प्रबंध ते शेवटून उघडत. आधी संदर्भांची यादी, मग मजकूर. मी त्यांची विद्यार्थिनी, पहिल्याच वर्षी धीर करून विचारलं की असं का. सर मूळचे देगलूरचे. वर्गात प्रमाण मराठी बोलत, पण माणूस आपला वाटला की बोली सुटायची. म्हणाले, "आधी बघायचं बेटा, हा माणूस कुणाकुणाला भेटून आलाय. मंग त्याचं ऐकायचं." मी अजून तसंच वाचते.

मराठवाड्यातल्या कॉलेजांमधून होणाऱ्या संशोधनात कुणी कुणाचा आधार घेतला, याची सूची त्यांच्याआधी आमच्याकडे कुणी केली नव्हती. विभागाच्या मागच्या खोलीत लाकडी खण होते आणि खणांत हातानं लिहिलेली कार्डं. पुढे ती सगळी संगणकावर चढली, तीही सरांनीच शिकून चढवली. लोक विचारत, याचा उपयोग काय? सर भोकरच्या हळदीची गोष्ट सांगत. तिथल्या कॉलेजातले एक प्राध्यापक हळदीच्या कंदकुजीच्या रोगावर काम करत होते. लातूरचे दुसरे एक तेच करत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. दोघेही एकाच जुन्या लेखाचा आधार घेतायत हे सरांना कार्डं लावताना दिसलं. त्यांनी दोघांना पोस्टकार्ड टाकलं आणि एका रविवारी आपल्या घरी जेवायला बोलावलं. ते दोघे ताटं वाळेपर्यंत बोलत बसले, आणि सर त्यांच्याकडे बघत बसले. तो रविवार त्यांच्या आयुष्यातला फार मोठा दिवस होता असं काकू म्हणत.

मग मोजणी आली. कुणाच्या लेखाचा आधार किती जणांनी घेतला, हे सरांच्या सूचीतून सहज काढता येत होतं. सरांनी ते काढण्याची रीत बसवली आणि त्यावर लिहिलंही. तेव्हा त्यांना अभिमान होता, हे मी पाहिलंय. ओळखीवर होणारी बढती आता कामावर होईल, असं ते मनापासून मानत. विद्यापीठानं तो आकडा प्राध्यापकांच्या बढतीला लावला आणि सरांना त्या समितीवर घेतलं. दोन-तीन वर्षांतच एकमेकांचे दाखले देणाऱ्या टोळ्या तयार झाल्या. कुणीही न वाचलेली जर्नलं निघाली. सर कधी दहाच्या दहा नावं एकाच टोळीतली असलेली संदर्भांची यादी माझ्यापुढे सरकवत आणि चष्मा पुसत.

त्याच सुमारास नायगावच्या सुनंदाताईंची फाइल आली. त्या तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. आसपासच्या गावांतल्या हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे, हे त्यांनी सुट्ट्या घालवून तपासलं होतं आणि ते मराठीत, एका छोट्या त्रैमासिकात छापलं होतं. त्यांच्या नावापुढे आकडा शून्य. बढती नाकारली गेली. सरांनी तो लेख वाचला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले की आपण नायगावला जाऊ. मी तेव्हा त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होते.

एसटीनं गेलो. सुनंदाताईंनी आम्हाला एका गावात नेलं. तिथले काही हातपंप लाल रंगवलेले होते, त्यांचं पाणी कुणी पीत नव्हतं. पाणी भरणाऱ्या एका बाईला सरांनी विचारलं की हे कुणी सांगितलं. तिनं ताईंकडे बोट केलं. "ह्या म्याडमनं लिहून देलतं. सरपंचानं देवळात समद्यांला वाचून दाखिवलं. आता पोरांचे दात पिवळे होऊन न्हाई राहिले." सर त्या पंपाच्या ओट्यावर बसून राहिले. दाखला मागितला नाही.

पुढच्या बैठकीत त्यांनी मांडलं की हा आकडा फक्त लेखांचं आपसातलं बोलणं मोजतो. ज्यांच्यासाठी काम झालं ती माणसं लेख लिहीत नाहीत, म्हणून ती यात दिसत नाहीत. या बाईंचं काम वाचून निर्णय घ्या. अध्यक्ष त्यांचेच जुने विद्यार्थी. ते अदबीनं म्हणाले की सर, नियम तुमच्याच रीतीवर बसवलाय, एकासाठी वाकवला तर उद्या प्रत्येकजण येईल. सर्वांनी माना डोलावल्या. सरांनी त्याच दिवशी समिती सोडली. त्यानं काही बदललं नाही.

ही बातमी ताईंना पत्रानं कळू नये म्हणून सर परत नायगावला गेले. मी बरोबर होते. ताईंनी चहा केला, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, मी हे इंग्रजीत लिहिलं असतं, तर झालं असतं का?"

"हाव," सर म्हणाले. "झालं असतं."

"मग सरपंचानं देवळात काय वाचलं असतं?"

परतताना बसमध्ये सर नांदेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. फक्त एकदा म्हणाले, "तकलीफ याची हाय बेटा, की आकडा खोटा न्हाई. शून्य खरंच हाय."

नंतरची वर्षं ते आपलीच गोष्ट मागे घ्यायला फिरले. कुठल्याही कॉलेजानं बोलावलं की जात. लोक शाल देत, नारळ देत, संशोधन-मापनाचे जनक म्हणून ओळख करून देत. मग सर उठून सांगत की हे मापन माणसांना लावू नका. टाळ्या पडत आणि पुढचा वक्ता आपले आकडे सांगायला लागे. लातूरला आमच्या कॉलेजात आले तेव्हा मी तिथं ग्रंथपाल झाले होते. भाषणात म्हणाले, "मी रस्ता सापडावा म्हणून पाटी लावली होती. लोक पाटीचंच वजन करून राहिले." लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांना विनोद करायचा नव्हता.

शेवटी त्यांची नजर गेली. मी महिन्यातून एकदा नांदेडला जाऊन त्यांना काहीतरी वाचून दाखवत असे. एकदा मीच सांगितलं की आमच्या कॉलेजच्या बढतीच्या समितीवर मला घेतलंय. सरांनी विचारलं, "लेख वाचता का तुम्ही लोक?" मी खरं सांगितलं की फायली इतक्या असतात, कुणीच वाचत नाही. ते रागावले नाहीत. रागवायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. म्हणाले, "समदे नको. एक तरी वाच."

त्या उन्हाळ्यात सर गेले. शोकसभेत त्यांच्या लेखांची संख्या आणि दाखल्यांची संख्या वाचून दाखवली गेली. सुनंदाताई आल्या होत्या. त्या ज्या पदावर होत्या त्याच पदावरून निवृत्त झाल्या होत्या. बोलायला त्यांना कुणी बोलावलं नाही. सभा सुटल्यावर त्या काकूंजवळ बराच वेळ हात धरून बसल्या.

परवा आमच्या समितीची बैठक होती. ऊन उतरलं होतं, पंख्याखाली सगळे पेंगुळले होते, मीही दमले होते. शेवटची फाइल एका तरुण प्राध्यापिकेची, आकडा अगदीच कमी. मी तिचा लेख काढला आणि वाचू लागले. थोड्या वेळानं प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आकडा तेवढा सांगा, म्हणजे निघता येईल."

मी म्हटलं, "थांबा सर. अजून वाचून व्हायचंय."