दगाभाऊंची धास्ती

"शिस्टर, तुमले पायी चालता येस का?"

दगाभाऊंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. चोपड्याच्या धर्मादाय दवाखान्यात मी नुकतीच परिचारिका म्हणून रुजू व्हायला आले होते. हातातली पत्र्याची पेटीही अजून खाली ठेवली नव्हती. समोर खाकी शर्टातला उंच, किडकिडीत माणूस माझ्या चपलांकडे बघत उभा. मला वाटलं, हा चेष्टा करतोय. "येतं की," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"गाडी बंद पडनी ते रस्तावर रडत बसनाऱ्या बाया मी देखेल शेतस," ते शांतपणे म्हणाले. "तुमी बूट ल्या."

दुसऱ्या दिवशी मी कॅनव्हासचे बूट घेतले. दगाभाऊ दवाखान्याच्या जीपचे ड्रायव्हर आहेत, हे मला नंतर कळलं.

दगाभाऊ मूळचे भडगावकडचे. गिरणा नदीच्या काठी त्यांची थोडी शेती होती, ती धाकटा भाऊ बघायचा. आमचे डॉक्टर सातपुड्याच्या पायथ्याशी आणि वर डोंगरातल्या पाड्यांवर दर आठवड्याला तपासणीला जायचे. कधी डॉक्टर, कधी नुसती मी, पण चाकामागे कायम दगाभाऊ. धाडसी ड्रायव्हरांच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या होत्या. हा माणूस मात्र उघडउघड भित्रा होता आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. नाल्याला घोटाभर पाणी असलं तरी ते खाली उतरून आधी स्वतः चालत पलीकडे जायचे, मग परत येऊन गाडी घालायचे. आकाशात ढग दिसला की म्हणायचे, "आते निंघूत." डॉक्टर कधीकधी वैतागायचे. त्यांना दगाभाऊंचं एकच उत्तर, "साहेब, जवलगून भेव, तवलगून जीव." जोवर भीती, तोवरच जीव.

एकदा मी विचारलंच, एवढं कशाला घाबरता? ते हसले. म्हणाले, त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथा झाला तेव्हा आईने नाव ठेवलं दगा, म्हणजे दगड. मरणाला वाटावं, हा कसला पोरगा, हा तर धोंडा. "मायनी माले विहिरीजोडे कधी जाऊ दिन्हं नही. तिचं भेव मनामा उतरनं," ते म्हणाले.

जीप जुनी होती, पेट्रोलवर चालणारी. तिचं इंजिन शेवटी इतकं थकलं, की चढावर माणसं उतरवावी लागत. त्या काळी खानदेशात जो तो आपल्या जुन्या गाडीला डिझेल इंजिन बसवून घेत होता. आमच्या विश्वस्तांनीही तेच ठरवलं. धुळ्याला एका गॅरेजमध्ये जीप गेली आणि नवं कोरं डिझेल इंजिन घालून परत आली. दवाखान्यातल्या सगळ्यांनी नारळ फोडला, पेढे खाल्ले. आवाज दणदणीत, ओढ जबरदस्त. डॉक्टरांनी गावातून एक फेरी मारली आणि खूश होऊन उतरले.

दगाभाऊ तेवढे खूश नव्हते. "नवी सून शे," ते म्हणाले. "सभाव कळाले टाइम लागी."

स्वभाव लवकरच कळला. गावात जीप फुलासारखी चालायची. पण टाकी भरून डोंगराच्या वाटेला लागलो, की तासाभराने इंजिन धापा टाकू लागायचं, ओढ कमी व्हायची आणि मग दोन हिसके देऊन गाडी बंद. पहिल्यांदा झालं तेव्हा मी सोबत होते. नवं इंजिन आल्यापासून डिझेलचा काटा हलत नव्हता, म्हणून दगाभाऊंनी आधी टाकीचं कुलपाचं झाकण उघडून आत काडी बुडवून पाहिली. डिझेल भरपूर. मग बॉनेट उघडून त्यांनी स्क्रू ढिला केला, हातपंप मारून नळीतली हवा काढली. सेल्फ मारला, गाडी चालू.

"हवा धरस," त्यांनी निदान केलं.

धुळ्याच्या मिस्त्रीनेही तेच सांगितलं. त्याने नळ्यांचे सगळे जोड आवळले, वायसर बदलले. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा बंद पडली. मग फिल्टर बदलला. मग पंप खोलून तपासला. मिस्त्री भला माणूस होता, स्वतः चोपड्याला आला आणि जीप घेऊन अमळनेरच्या रस्त्याला लांबवर जाऊन आला. त्या दिवशी टाकीत जेमतेम डिझेल होतं आणि जीप एकदाही अडखळली नाही. "काही दोष नाही, भाऊ. तुमच्या मनातच हवा शिरलीय," तो हसत म्हणाला.

सगळे हसले. दगाभाऊसुद्धा हसले, पण त्यांची झोप उडाली होती. जेवताना घास हातात धरून ते गाडीकडे बघत बसायचे. डबा तसाच परत जायचा. "मशीन ठीक शे म्हंतस, मंग बंद काबर पडस?" हे ते मला विचारायचे, कंपाउंडरला विचारायचे, भाजीवाल्यालासुद्धा विचारायचे. प्रत्येक वेळी काही दुरुस्त केलं की गाडी तिथल्या तिथे चालू व्हायची, त्यामुळे प्रत्येक वेळी वाटायचं, रोग सापडला. आणि प्रत्येक वेळी तो परत यायचा. डॉक्टरांना त्यांनी सांगून टाकलं, "साहेब, ही गाडी पेशंटले आनाले धाडू नका." पण दुसरी गाडी होती कुठे?

मग तो दिवस आला. सकाळी डोंगरातल्या एका पाड्यावरून निरोप आला, बाई घरीच बाळंत झाली, रक्त थांबत नाही. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. मी इंजेक्शनं, सलाइन घेतलं आणि धावत जीपमध्ये बसले. टाकी आदल्या संध्याकाळीच गळ्यापर्यंत भरलेली होती. त्या घाईत झाकणाच्या कुलपाची चावी ऑफिसात खिळ्यालाच राहिली.

जाताना जीप दोनदा अडखळली, पण पोचली. आम्ही थांबलो तेवढ्यात तिलाही जरा दम मिळाला असावा. बाई कोवळी पोर होती, ओठ पांढरे पडलेले. तिला मागच्या बाकावर आडवी केली, नवरा बाळाला छातीशी धरून पायाशी बसला. सलाइनची बाटली मी हुकाला अडकवली आणि एका हाताने तिचं ओटीपोट दाबून धरलं. पाडा सोडला, जंगलातला शेवटचा मोठा चढ लागला. तो चढ ओलांडला की पुढे सगळा उतार, नुसती घरंगळली तरी गाडी खाली गेली असती. चढाच्या ऐन मध्यावर इंजिनाने धाप टाकली, हिसके दिले आणि ते गप्प झालं.

त्या शांततेत बाळाचं रडणं मोठं वाटायला लागलं.

दगाभाऊंनी चाकांना दगड लावले आणि बॉनेट उघडलं. मला मागून त्यांचे फक्त हात दिसत होते, हातपंप मारताना वर-खाली होणारे. बराच वेळ ते मारत राहिले. सेल्फ मारला. काही नाही. पुन्हा पंप. पुन्हा काही नाही.

"काय झालं?" मी ओरडले.

"नळीमा थेंब येत नही, शिस्टर! टाकी भरेल शे अन् थेंब येत नही!"

मी पोरीची नाडी धरली. बारीक, पळणारी. तिच्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला "होईल, होईल" म्हणाले. आयुष्यात इतकी घाबरलेली मी पुन्हा कधी नव्हते. मनात हिशेब चालू होता: हिला झोळीत घालून चालत नेली तर? इतकं अंतर ती टिकेल?

दगाभाऊ मागे आले. चेहऱ्यावरून घाम निथळत होता. त्यांच्या डोक्यात एक भलतीच शंका शिरली होती. "कोनी रातले डिझेल ते नही काढं?" ते पुटपुटले. कुलूप शाबूत होतं, तरी त्यांचं मन मानेना. चावी नाही. त्यांनी जॅकची टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा उचलला, तो झाकणाच्या कडेत अडकवला आणि सगळं अंग टाकून दाबला.

झाकण उडालं. आणि टाकीने "सूंऽऽऽ" करून श्वास आत ओढला.

तो आवाज मी ऐकला, त्या नवऱ्याने ऐकला. दगाभाऊ टॉमी हातात धरून तसेच उभे राहिले. टाकी अजून जवळजवळ भरलेलीच होती. मग ते पुढे धावले. हातपंपाच्या दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला डिझेल कारंज्यासारखं उडालं. "शिस्टर, धरा!" ते ओरडले आणि इंजिन गरजलं.

टाकीच्या तोंडावर त्यांनी आपला रुमाल सैलसर कोंबला. चोपडा येईपर्यंत जीप एकदाही अडखळली नाही. मागे सांडलेल्या डिझेलचा वास येत होता आणि मी त्या पोरीला नाव घेऊन हाका मारत होते.

डॉक्टरांनी तिला आत घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, जळगावहून रक्त आणावं लागेल. सगळ्यांनी दगाभाऊंकडे पाहिलं. त्यांच्यासमोर चहाचा कप होता, तो तसाच ठेवून ते उठले. टाकीच्या तोंडाशी तोच रुमाल तसाच ठेवून ते जीपने जळगावला गेले आणि बर्फाच्या डब्यात रक्ताच्या बाटल्या घेऊन आले. वाटेत गाडी बंद पडली का, हे विचारायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. ती पोर वाचली. बाळही.

धुळ्याच्या मिस्त्रीला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. इंजिन बसवताना डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून त्यानेच ते कुलपाचं झाकण नवीन घातलं होतं, आणि त्याला हवेचं भोकच नव्हतं. डिझेल खेचलं जायचं, त्याच्या जागी हवा आत यायला वाट नाही; चावीने झाकण हळू उघडलं की हवा गुपचूप आत जायची आणि गाडी चालू व्हायची. टाकी भरलेली असली की हे लवकर व्हायचं, रिकामी असली की व्हायचंच नाही. नवीन झाकणाला त्याने बारीक भोक पाडून दिलं. एवढंच काम.

दवाखान्यात दगाभाऊंचं कौतुक झालं, डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. ते मात्र मागच्या ओट्यावर जाऊन बसले होते. मी गेले तर डोळे पुसत म्हणाले, "दर खेपले मी आधी झाकण उघाडू, काडी बुडाडू, अन् मंग म्हनू, हवा काढी म्हनीसन चालू व्हयनी. इलाज मना हातमा व्हता, शिस्टर, अन् माले दिसना नही." मी म्हणाले, आम्हा कुणालाच दिसला नाही. त्यांनी मान हलवली. समजूत पटल्याची ती मान नव्हती.

पुढे माझं लग्न झालं, मी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात लागले. दगाभाऊ निवृत्त होऊन गावी गेले. ते वारल्याचं मला उशिरा कळलं. एका रविवारी मी भडगावला जाऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अंगणात वेचलेला कापूस पडला होता, त्या सुपात काहीतरी निवडत होत्या. मी ओळख सांगितली. त्यांना मी माहीत होते.

जरा वेळाने मी भीतभीतच विचारलं, "शेवटी घाबरले होते का हो?"

अक्का सूप थांबवून म्हणाल्या, "नही माय. त्या दिन बठ्ठासले बलायं. इचारं, 'जेवनात का बठ्ठा?' आम्ही हो म्हनं. मंग कूस बदली अन् झोपी गयात." सगळे जेवलेत ना, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

त्या उठल्या, चुलीशी गेल्या आणि माझ्यासाठी ज्वारीची भाकरी थापायला बसल्या. मी नको म्हणाले नाही.