चोरून ऐकणाऱ्याला धोंडाबाईचा सवाल

नाशिकच्या द्वारका चौकात फुलं विकून धोंडाबाईने मुलाला, कुंदनला, इंजिनीअर केलं. तो अमेरिकेत गेला. २००६ साली एकदा फोनवर म्हणाला, "आई, जपून बोल. इथलं सरकार परदेशातले फोन चोरून ऐकतं म्हणे."

आधीच त्याच सरकारने व्हिसा नाकारल्यामुळे तिला नात बघायला मिळाली नव्हती. कारणही कोणी धड सांगितलं नव्हतं. बाईचं डोकंच फिरलं.

"काय रे चोरून ऐकणाऱ्या! माझं समदं तुला कळाया पाहिजे, आन माझं काय चुकलं, ते मला सांगायचं नाय?"

"आई, हळू!" कुंदन कुजबुजला.

"हळू कशापायी? त्याला मराठी येत नसंल, तर तू सांग समजावून!"

फोन बंद झाला. सरकारने नाही, कुंदननेच ठेवला होता.