भट्टी कोणाच्या ऑर्डरनं बंद केली?

माझ्या कादंबरीतला राक्षस म्हणजे माझा बाप आहे, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? राक्षस बारा फूट उंच, जळलेल्या भुवयांचा, डोंगराच्या पोटातला अग्नी राखणारा, आणि शेवटच्या प्रकरणात मरणारा. बाबा पाच फूट चार इंच, वैशाली नगरात राहतात आणि रोज सकाळी दूधवाल्याशी भांडतात. पण भुवया त्यांच्याच होत्या.

बाकीचा मालही मी त्यांच्याकडूनच उचलला होता. बाबांनी अख्खी नोकरी पोलादाच्या भट्टीवर काढली. तिथल्या आवाजात बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून माणसं हातांनी बोलायची. तीच सवय घरी. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर १०मधल्या आमच्या तेव्हाच्या क्वार्टरमध्ये भात हवा असला की बाबा दोन बोटं हवेत फिरवायचे, पुरे झाला की भट्टीवरची 'बंद करा'ची खूण, म्हणजे डोक्यावर दोन्ही हातांची फुली करायचे. दुर्ग शहरातल्या एका लग्नात त्यांनी पंगतीत अशी फुली केली, तर वाढपी जिलबीचं ताट तिथंच ठेवून पळाला. त्याला वाटलं, मांडव पेटला! आणि तोंडानं बोलले की क्वार्टरांच्या सगळ्या ओळीला ऐकू जायचं. माझे गणिताचे मार्क माझ्याआधी शेजारणीला कळत.

नाइट करून आले की बाबा दिवसा झोपायचे. खिडकीला ओली चादर लावायची आणि आम्ही दोघी बहिणींनी दिवसभर कुजबुजायचं. हसू आलं तर उशीत तोंड खुपसायचं. आई त्यांचा शर्ट धुवायला घ्यायची तेव्हा पाठीवर घामाच्या मिठाचे पांढरे डाग दिसायचे. त्या डागांचं मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं, नुसता राग यायचा. मैत्रिणींचे बाबा ऑफिसात जायचे, त्यांच्या घरात पोरी खदाखदा हसायच्या. तो राग मी कादंबरीत घातला. राक्षस झोपला की गावातल्या लेकरांनी हसायचं नाही, असा नियमच केला. प्रकाशकबाई म्हणाल्या, "काय कल्पनाशक्ती आहे हो तुमची!" मी निमूटपणे कौतुक घेतलं. कल्पनाशक्ती कसली डोंबलाची!

पुस्तक छापायला जायच्या आधी मी चार दिवस माहेरी आले, सोबत कागदांचा गठ्ठा. आईनं घात केला. गठ्ठा उचलून बाबांच्या हातात दिला, "तुमच्या पोरीनं लिवलं, वाचा जरा."

अरे बापा! ज्या माणसानं आमच्यासाठी जन्मभर भाजून घेतलं, त्याला मी राक्षस केलं, आणि आता तो ते वाचणार, तेही माझ्यासमोर. मी तिथंच ठरवलं, बाबांना लागलं तर पुस्तक परत घ्यायचं. तीन वर्षांची मेहनत गेली तर गेली.

पण बाबांनी आयुष्यात कादंबरी वाचलीच नव्हती. त्यांनी वाचली होती ती शिफ्टची वही. शिफ्ट संपली की जाणारा वहीत सगळं लिहून ठेवतो, येणारा ते वाचून सही करतो आणि मगच भट्टी ताब्यात घेतो. त्यांनी माझी कादंबरी तशीच ताब्यात घेतली. पहिल्या प्रकरणाखाली लाल पेनानं शेरा: 'वाचले. सर्व नॉर्मल. ९.४०.' खाली सही. दुसऱ्याखाली: 'राक्षस सलग तीन शिफ्ट ड्युटीवर. बदलीला रिलीव्हर का नाही?' राजकन्या डोंगरात शिरली तिथं: 'हेल्मेट नाही. गेटवर कोणी सोडले?' उडत्या घोड्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

सातव्या प्रकरणात राजकन्या फुंकर मारून डोंगरातली भट्टी विझवते. तिथं घर हादरलं.

"कावून वं! भट्टी कोणाच्या ऑर्डरनं बंद केली?"

"बाबा, जादू आहे ती."

"जादू गेली चुलीत! आतला सारा माल जमून दगड होते न! मंग फोडाले कोन येईन, तू?"

समोरच्या बाई फाटकापाशी आल्या, "सब ठीक है न दीदी?" मी राजकन्येला फक्त आच कमी करायला लावली. प्रकरण त्यामुळं सुधारलं, याचा मला आणखीनच राग आला.

शेवटचं प्रकरण त्यांनी तिसऱ्या दिवशी दुपारी घेतलं. त्यात राक्षसाची सुटका होते, तो डोंगर उतरून गावाकडे निघतो आणि वेशीवर पोचायच्या आतच कोसळतो. हे लिहिताना मी रडले होते आणि स्वतःवर खूशही झाले होते. मी बाहेर ओरडा ऐकायच्या तयारीत बसले. शेवटी मीच आत गेले. पानाखाली शेरा नव्हता.

"मी वळखलं याले," बाबा म्हणाले.

"बाबा, मी..."

"हा आपला भंडाऱ्याकडचा जोडीदार होय न? माह्यासंगं भट्टीवर होता तो. तुले खांद्यावर घेऊन फिरे."

मला ते काका आठवले. रिटायर होऊन गावी जाणार होते. सामान बांधून झालं होतं, आणि निघायच्या आठवड्यातच झोपेत गेले. बापाचं उचलता उचलता मी या काकांचं मरणही उचललं होतं, आणि मला पत्ताच नव्हता.

"भुवया त्याच्याच आहेत," बाबा म्हणाले. स्वतःच्या जळक्या भुवया वर करून माझ्याकडे बघत.

मी म्हटलं, "हो, तेच आहेत."

"मंग त्याले असा रस्त्यात नको मारू वं. एक डाव मेला तो, मी होतो तिथं. आता तुह्या हातात आहे तर घरी पोचव न त्याले."

मी त्यांच्या शेजारी बसून लॅपटॉप उघडला. राक्षसाला वेस ओलांडू दिली, अंगणात आणला. विचारलं, "अंगणात काय आहे, बाबा?"

ते डोळे पुसत म्हणाले, "म्हैस लिव. त्याले म्हैस घ्याची होती."

मी म्हैस लिहिली.