झटकून ठेवलेला थर्मामीटर

माझी पत्नी संगीता गेली त्याला आज सहा आठवडे आणि दोन दिवस झाले. तिच्याशी माझं शेवटचं नीट बोलणं झालं ते एका आकड्याबद्दल. गुरुवार होता, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फुप्फुसांच्या आजारामुळे ती आठ महिने घरीच होती आणि शेवटचे तीन महिने खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र चालू असायचं. मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे आकडा तिला दिसत नव्हता. "किती?" तिने विचारलं. आदल्या संध्याकाळी तो एकोणनव्वद होता. मी म्हणालो, "ब्याऐंशी." ती म्हणाली, "बरं. मयूला बोलवा. आजच." मयूरी ही आमची एकुलती एक मुलगी. ती पुण्यात नोकरी करते आणि शनिवारी येणारच होती. नंतर एक-दोन नातेवाइकांनी मला विचारलं, आजारी माणसाला तोंडावर इतकं खरं कशाला सांगायचं? चार आकडे वाढवून सांगता आले नसते का? आले असते. एकदा मी तसं केलंही होतं. आज लिहितोय ते त्याबद्दलच.

अठरा वर्षांपूर्वी, मयूरी चार वर्षांची असताना, संगीताने नर्सिंगला प्रवेश घेतला. तिचं वय तेव्हा बत्तीस होतं. वर्गात बाकी सगळ्या अठरा-एकोणीसच्या मुली, वसतिगृहात राहणाऱ्या. त्या तिला ताई म्हणायच्या. आम्ही सातपूरला दोन खोल्यांत राहत होतो, सोबत माझी आई होती. संगीता पावणेपाचला उठायची. भाजी, पोळ्या, मयूचा डबा, आईचं गरम पाणी, मग पांढरा गणवेश, केसांना जाळी, छातीला उलटं टांगलेलं छोटं घड्याळ, आणि सहा दहाची बस. सात ते एक वॉर्ड, दोन ते चार वर्ग. घरी आल्यावर स्वयंपाक करताना ओट्याच्या टाइल्सवर चिकटवलेले हाडांच्या नावांचे कागद. एकदा मी हिशेब केला. झोप सोडली तर तिच्या स्वतःच्या वाट्याला दिवसातली अकरा मिनिटं येत होती, तीही आंघोळीची. मी तो आकडा तिला कौतुकाने सांगितला तर म्हणाली, "अहो, मोजत बसण्यापेक्षा लसूण सोला."

सगळ्यात मोठी धास्ती असायची हजेरीची. वर्गातले थोडे दिवस बुडाले तर चालायचे, वॉर्डाचे मात्र सगळे दिवस भरावे लागायचे. बुडालेला प्रत्येक दिवस सुट्टीत भरून द्यायचा, त्याशिवाय नोंदवहीवर सही नाही. मयूला साधा खोकला झाला तरी आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता कॅलेंडरकडे बघायचो. कोणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं की आधी तारीख, मग नाव. आई माझी निफाडकडची, बोलायला फटकळ. ती म्हणायची, "या घरात माणसाला आजारी पडायची पण सोय नाय."

मी पाटबंधारे खात्यात लिपिक होतो. रोज सकाळी इगतपुरीकडच्या धरणांवरून फोन यायचे, पाण्याची पातळी किती आणि पाऊस किती, आणि मी ते तक्त्यात भरायचो. माझी ख्याती अशी होती की, अंदाजाने सांगितलेला आकडा मला आवाजावरून कळतो. कुणी दोन दिवस सलग तोच आकडा सांगितला की मी म्हणायचो, "पाण्यातल्या पट्टीपर्यंत चालत जाऊन बघून या आणि मग परत फोन करा." हे सांगण्याचं कारण पुढे येईल.

दुसऱ्या वर्षी संगीताची नेमणूक पुरुषांच्या वॉर्डात होती. नेमणुकीच्या शेवटच्या आठवड्यातला तो दिवस. मयूला आदल्या दिवसापासून ताप होता. मी रजा टाकली. पहाटे ताप शंभरच्या आसपास होता, म्हणून संगीता निघाली. दारात आई म्हणालीच, "घरात पोरगी तापाने फणफणलीय आन ही चालली दुनियेची नाडी पाहायला." संगीताने चपला घातल्या आणि बसकडे पळाली.

पावणेआठला घरचा फोन वाजला. वॉर्डाबाहेर एक रुपयाचा फोन होता, तिथून ती बोलत होती. "किती आहे?" मी नुकताच थर्मामीटर काढला होता. एकशे दोन पॉइंट सहा. माझ्या डोक्यात जे चाललं ते असं: खरं सांगितलं तर ही निघून येईल, आज ट्यूटर मॅडम कामाची परीक्षा घेणार आहेत, दिवस बुडेल, नेमणूक अपुरी राहील, आणि ताप तर मीही उतरवू शकतो. हे सगळं दोन सेकंदांत. मी म्हणालो, "नव्व्याण्णव." पलीकडून तिचा सुस्कारा ऐकू आला. "हुश्श... ठेवते." मी थर्मामीटर डबीत घातला, मयूच्या अंगावर ओली पट्टी फिरवली, औषध दिलं आणि नऊला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. दुपारपर्यंत तिचं कपाळ हाताला गार लागायला लागलं. आपण बरोबर केलं असंच मला वाटत होतं.

वॉर्डात त्या वेळी काय झालं ते मी तेव्हा संगीताकडून ऐकलं होतं, आणि गेल्या महिन्यात हिराकडून पुन्हा ऐकलं. हिरा सुरगाण्याची, संगीताच्या वर्गातली, आता तिकडेच नर्स आहे. संगीता गेल्याचं कळल्यावर जीपने आणि दोन बस बदलून ती भेटायला आली. म्हणाली, "दाजी, ताईला सहा खाटा होत्या. चार झाल्या नि ती फोनकडे पळाली. परत आली तर मॅडम वॉर्डात शिरलेल्या. उरलेल्या दोन खाटांची नाडी तिने मोजलीच नाही. लिहून टाकली, बहात्तर." मग म्हणाली, "आम्ही सगळ्याच लिहायचो हो. घाई झाली की बहात्तर. कोणाला कळतंय?"

दहा वाजता त्यातल्या एका म्हाताऱ्या रुग्णाला धाप लागली. डॉक्टर धावत आले, तक्ता बघितला आणि म्हणाले, "आठला तर नॉर्मल होता." म्हाताऱ्याला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. आठला त्याची नाडी खरोखर किती होती, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. हिरा सांगत होती, "ताई भिंतीला टेकून उभी होती. मी म्हटलं, ताई, कोणापाशी बोलू नको, वर्ष जाईल तुझं. तर ती मला म्हणे, हिरा, माझे हात बघ किती गार पडलेत."

साडेचारला संगीता घरी आली. मयू झोपली होती. तिच्या कपाळाला हात लावला, फळीवरची थर्मामीटरची डबी उघडली, बघितली, बंद केली आणि चहा टाकला. चहा पिता पिता तिने मला सगळं सांगितलं. आणि मी... मी तिला जवळजवळ पंधरा मिनिटं सुनावलं. आकडा म्हणजे आकडा असतो, म्हणालो. आमच्याकडे असा आकडा कुणी दिला तर खाली नदीकाठची गावं बुडतील, म्हणालो. न बघता लिहिण्यापेक्षा जागा कोरी ठेवायची होतीस. तिने सगळं ऐकून घेतलं. कप उचलले, मोरीपाशी गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. थर्मामीटर वापरल्यावर झटकून ठेवत जा."

मला आधी कळलंच नाही. मग उठून डबी उघडली. थर्मामीटरमधला पारा झटकल्याशिवाय खाली उतरत नाही. सकाळचा पारा तसाच उभा होता, एकशे दोन पॉइंट सहावर.

संगीता हात पुसत येऊन बसली. म्हणाली, "तुम्ही नव्व्याण्णव म्हणालात म्हणून मी थांबले."

"खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"आले असते. नाहीतर मॅडमना सांगून, उरलेल्या खाटा हिराकडे देऊन थांबले असते. पण ते मला ठरवू द्यायचं होतं ना, अहो? वॉर्डातही मीच आणि घरातही मीच. निदान खरं काय ते तरी मला कळू द्या. नाहीतर मला दोन्ही जमणार नाही. मी उद्यापासून घरी बसते."

आई आतून सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, बस बाई घरी. ती म्हणाली, "बसायचं नंतर बघ. आधी त्या म्हाताऱ्याचं काय झालं ते बघून ये."

दुसऱ्या दिवशी संगीता स्वतःहून ट्यूटर मॅडमकडे गेली. वर्ष गेलं नाही, पण नेमणुकीवर सही झाली नाही. पंधरा दिवसांची ती नेमणूक तिने दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा केली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही ती वॉर्डात होती. चकल्या आईने तळल्या आणि मी मोजून डबे भरले. तो म्हातारा नवव्या दिवशी घरी गेला. तोपर्यंत संगीता रोज डबा खायच्या वेळात त्याला बघायला जायची. त्याला वाटायचं, पोरगी मायाळू आहे. त्याला खरं सांगण्याचं धैर्य मात्र तिला झालं नाही, आणि ते तिला शेवटपर्यंत खात राहिलं.

त्यानंतर आमच्या घरात "किती?" या प्रश्नाला खरं तेच उत्तर द्यायचं, असं ठरून गेलं. शेवटच्या वर्षाच्या लेखी परीक्षेच्या दिवशी सकाळी आईची साखर साडेतीनशेच्या वर गेली. पेपर सुरू व्हायला चाळीस मिनिटं होती. मी फोन केला आणि जो होता तो आकडा सांगितला. तिने तीन प्रश्न विचारले, उलटी आहे का, बोलते का, पाणी पिते का... आणि म्हणाली, "दवाखान्यात न्या. मी पेपर देऊन येते." पेपर देऊन ती थेट आली, गणवेशातच, आणि आईचा हात हातात घेतला. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची पद्धत सगळीकडे चालते. संगीता त्या बहात्तरच्या दिवसानंतर कायम पूर्ण मिनिट मोजायची, मग ती नाडी आईची असो, शेजाऱ्यांची असो, नाहीतर चौदा वर्षांच्या नोकरीतल्या हजारो रुग्णांची. आई म्हणाली, "मोज बाई, सावकाश मोज. मी कुठं नाय जात."

संगीताच्या आजारपणात मी वही घातली होती. दिवसातून चार वेळा ऑक्सिजन, नाडी, ताप. प्रत्येक वेळी ती विचारायची, "किती?" आणि प्रत्येक वेळी, आकडा उच्चारायच्या आधी, मला ते नव्व्याण्णव आठवायचं. शहाण्णवचं चौऱ्याण्णव झालं, एक्याण्णव झालं. जिभेवर दोन-तीन वाढवलेले आकडे तयार असायचे. ते मी गिळायचो आणि खरा सांगायचो. ती ऐकून काहीतरी ठरवायची. आज आंघोळ नको. बहिणीला फोन लावा. मयूची ती पिवळी साडी कपाटातून काढून ठेवा.

त्या गुरुवारी मयूरी दुपारी सव्वा वाजता पोचली. संगीता तीन वाजून चाळीस मिनिटांनी गेली. म्हणजे दोन तास पंचवीस मिनिटं. त्यातला बराच वेळ मयूने आईचं मनगट धरलं होतं. मी एकोणनव्वद म्हटलं असतं तर संगीता म्हणाली असती, शनिवारी येतेच आहे की, कामाचे दिवस आहेत तिचे.

जुना थर्मामीटर अजून फळीवर आहे. घरात डिजिटल येऊन बरीच वर्षं झाली, पण हा संगीताने टाकू दिला नाही. परवा आवराआवर करताना मयूने डबी उघडली आणि थर्मामीटर उजेडाकडे धरून फिरवून बघितला. "बाबा, यात काहीच दिसत नाही, बिघडलाय का हा?" मी हातात घेतला. पारा पंच्याण्णवच्या रेषेच्या खाली, टोकाशी, गोळा होऊन बसला होता. शेवटचा वापरून झाल्यावर संगीताने तो झटकून ठेवला होता. मी तो तसाच डबीत ठेवला.