कौसाकाकूचा धुण्याचा दगड

"भाऊ, आई गेली..." चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या डेपोत गावच्याच गाडीची वाट पाहत होतो. गावापर्यंत मला कौसाकाकू एकाच रूपात दिसत राहिली. कमरेवर हात, पदर खोचलेला, किल्ल्याच्या दरवाज्यात उभी.

आमचं गाव सेनगावकडे, एका लहानशा भुईकोट किल्ल्याला लागून आहे. कधीकाळी तिथे पलटण राहायची. गावात यायची वाट त्याच्या दरवाज्यातूनच. मी लहान असताना त्या दरवाज्याची कमान पडली आणि घडीव दगड घरोघर गेले. कुणाची पायरी झाली, कुणाचा उंबरठा. आमच्याकडे आलेला धुण्याचा दगड झाला. कमानीसाठी घडवलेला, पाठीला गोलसर, म्हणून जमिनीवर सारखा डुगडुगायचा. काकू त्याखाली दगडाची कपरी सरकवायची आणि माझा शाळेचा सदरा घासायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण ते सदरे तिने धुतले होते.

काही वर्षांपूर्वी दरवाज्याची दुरुस्ती निघाली. मिस्त्री म्हणाले, जुने दगड मिळाले तरच कमान होईल, नाहीतर वर सिमेंटची सपाट तुळई टाकू. काकू त्याच कमानीखालून नवरी होऊन गावात आली होती. ती उसळली, "काहून मिळणार न्हाईत? दगडाला काय पाय फुटले? पह्यला आमचा काढा!"

शेजारच्या गयाबाई हसल्या. "आता धुणं काय डोक्यावर आपटतीस व्हय?"

"तुह्या डोक्यावर. एवढं टणक गावात दुसरं काय हाय?"

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दगड ठेवून काकू स्वतः त्यावर बसली आणि दारोदार निघाली. "आमचा आणलाय. तुमचा?" एवढंच विचारायची. पायऱ्या निघाल्या, उंबरठे निघाले. शेवटी गयाबाईंनीही तुळशीखालचा दगड दिला. "घे बाई, न्हाई तर मेल्यावर बी दारात येऊन बसशील!"

गयाबाईंचा तोच दगड कमानीच्या मधोमध बसला. मिस्त्रींनी सांगितलं, आता प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरील, आधार काढला तरी चालेल. पण लाकडी आधार काढायच्या दिवशी सगळा गाव मागे सरकला. शेवटची फळी निघाली, जरा चुना गळला... आणि काकू सरळ चालत कमानीखाली जाऊन उभी राहिली. "काकू, बाजूला व्हा!" मिस्त्री ओरडले. "काहून? नवरी आले तवा बी कोनी थांबवलं न्हाई!" कमान तसूभर हलली नाही. हलगी वाजली, आणि गयाबाईंनी काकूची चक्क ओटी भरली.

तिची शेवटची यात्राही त्याच कमानीखालून गेली. खांदा देताना मी वर पाहिलं. साऱ्या खडबडीत दगडांत एकच गुळगुळीत आहे, तिच्या हातांनी झिजलेला. दोन्हीकडच्या दगडांनी त्याला घट्ट धरलं आहे.

घरी धुण्याच्या जागेवर ती कपरी अजून पडलेली आहे. आता तिला काही काम उरलेलं नाही.